टेकडीवरचे कांदेपोहे

"डबा आडवा धरू नकोस गं, तेल गळेल," आई म्हणाली.

मी भिवाईच्या टेकडीच्या पायथ्याशी उभी होते. डिसेंबरातली सकाळ, अजून धड उजाडलंही नव्हतं. अंगावर आईची मोरपंखी नारायणपेठ, केसांत अबोलीचा गजरा, पायांत धाकट्या बहिणीचे कॅनव्हासचे बूट, खांद्याला पिशवी आणि पिशवीत सहा माणसांना पुरतील एवढे कांदेपोहे. शिवाय चहाचा थर्मास, कप, ताटल्या, चमचे आणि खोबरं-कोथिंबिरीचा वेगळा डबा, कारण ती आधी पेरली की पोह्यांवर मऊ पडते. माकडटोप्या घातलेले म्हातारे फाटकातून आत जाताना माझ्याकडे बघत होते. एकाने तर हात जोडून विचारलं, वर देवीचं काही आहे का आज?

देवीचं काही नव्हतं, माझंच होतं. मला बघायला येणार होते, टेकडीवर.

आता हे ऐकून कुणालाही हसू येईल. मला तेव्हा आलं नव्हतं. मी एकोणतिशीला आलेली, दोन ठिकाणी मीच नाही म्हटलेलं, बाबा मार्चमध्ये रिटायर होणार, आणि सुनीताचं, म्हणजे धाकटीचं, बाहेरच्या बाहेर ठरल्यासारखं झालेलं. फक्त मोठीचं व्हायची वाट. आदल्या रात्री बाबांनी मला जवळ बसवून एवढंच सांगितलं होतं की बाई, या वेळी तू नाही म्हणू नकोस. बाबा कधी काही मागायचे नाहीत.

मुलाचे वडील भाऊसाहेब चांदवडकर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उन्हाळा असो की पाऊस, ते रोज सकाळी ही टेकडी चढत. वनखात्याने तिला कुंपण घालून, पायवाटा आखून, झाडांना नावांच्या पाट्या लावून बगीचा केल्यापासून अर्धं नाशिक तिथे फिरायला यायचं, पण भाऊसाहेब असे वागायचे की जणू टेकडी त्यांनीच रचली. त्यांचा एक सिद्धांत होता. माणूस दिवाणखान्यात कळत नाही, चढावर कळतो. थोरल्या सुनेलाही त्यांनी असंच पारखून घेतलं होतं. ती लग्नानंतर वर्षाच्या आत नवऱ्याला घेऊन बडोद्याला राहायला गेली, पण त्यामुळे सिद्धांताला काही बाधा आलेली नव्हती.

पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता. निरोप आला, रविवारी सकाळी टेकडीच्या फाटकाशी भेटू. बाबांनी लगेच हो म्हटलं. आईने कपाळाला हात लावला. टेकडीबद्दल तिची तक्रार नव्हती. बघायला येणार आणि पोहे नाहीत, हे तिला झेपेना. मुलीने स्वतःच्या हाताने पोहे द्यायचे, तरच ते बघणं. म्हणून आम्ही पहाटे चारला उठलो आणि मी कांदे चिरले. आईने चहात इतकी साखर घातली की मी म्हटलं, आई, हा चहा नाही, पाक झालाय. ती म्हणाली, पहिल्या भेटीचा चहा गोडच असावा, तू तुझं काम कर.

चांदवडकर मंडळी आली. भाऊसाहेब पुढे, पांढरी हाफपँट आणि हातात काठी. मागे मुलगा शिरीष. सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, फोटोपेक्षा बरा दिसणारा. हे मी कबूल करते, की त्याला बघून माझा राग जरा उतरला होता. आणि सगळ्यांत मागे शिरीषची आई, कुमुदकाकू. ठेंगणी, गोरी, स्वेटरवरून शाल घेतलेली बाई. तिने आल्या आल्या माझ्या बुटांकडे पाहिलं, मग साडीकडे पाहिलं, आणि पदराआड हसली. आमच्या दोघींचं तिथेच जमलं म्हणायचं.

आई लगेच म्हणाली, आधी थोडं खाऊन घेऊया का, गरम आहे तोवर?

भाऊसाहेबांनी काठी उचलली. "छे छे. खाणं वर. पोटात अन्न पडलं की पाय जड होतात. आमच्याकडे टेकडी उतरेपर्यंत कुणी काही खात नाही, पण आज तुमच्यासाठी शिखरावर परवानगी."

परवानगी! माझे पोहे, आणि यांची परवानगी.

निघालो. शिरीषने माझ्या पिशवीला हात घातला, म्हणाला, द्या इकडे. भाऊसाहेब मागे न बघताच म्हणाले, "राहू दे रे, तिला नेऊ दे. तेच तर बघायचंय." त्याने हात काढून घेतला. जरा ओशाळला, पण काढून घेतला.

आम्हा दोघांना बोलायला मिळावं म्हणून हा घाट, असं मध्यस्थांनी सांगितलेलं. प्रत्यक्षात आमच्या दोघांच्या मधून भाऊसाहेब चालत होते. श्वास नाकाने घ्यावा. पाऊल चवड्यावर टाकावं. ही साग, ती खैर, तो गिरिपुष्प मी लावायला लावला. मला विचारलं, पोहता येतं का? नाही म्हटल्यावर शिरीषकडे बघून "हं" म्हणाले. शिरीषला मी विचारलं की तुम्हाला वाचायला आवडतं का, तर उत्तर भाऊसाहेबांनी दिलं. त्याला वेळ कुठे असतो म्हणे. समोरून येणारा प्रत्येक जण "काय भाऊसाहेब, आज पाहुणे?" म्हणायचा आणि भाऊसाहेब मोठ्या आवाजात सांगायचे, "शिरीषसाठी मुलगी बघतोय!" मग तो माणूस थांबून मला आपादमस्तक बघून घ्यायचा. अर्धी टेकडी चढेपर्यंत मला निम्म्या गंगापूर रोडने बघून टाकलं. बाबा धापा टाकत त्यांच्या बरोबरीने चालायचा प्रयत्न करत होते आणि प्रत्येक वाक्याला "अगदी, अगदी" म्हणत होते. ते बघून तर मी रडायच्या बेतात होते.

अर्ध्या वाटेवर भिवाईचं छोटं देऊळ आहे आणि समोर सिमेंटचं बाकडं. तिथे पोचेपर्यंत माझ्या निऱ्या सुटत आल्या होत्या. मी आईला हळूच सांगितलं. आई म्हणाली, देवळामागे जाऊन नीट कर आणि ये पटकन, मी पुढे होते, नाहीतर हे लोक म्हणतील सगळीच मागे राहिली. आणि पदर खोचून तीही निघाली.

देवळामागून निऱ्या नीट करून मी बाहेर आले, तर सगळे वळणापलीकडे गेलेले. बाकड्यावर एकट्या कुमुदकाकू बसलेल्या.

"तुम्ही नाही येत वर?" मी विचारलं.

"मी इथेच असते गं. हे वर जाऊन येतात तोवर. तू हो पुढे, तुझी वाट बघतील."

बोलणं साधंच होतं, पण शब्द जरा ओढल्यासारखे येत होते. मी निघाले, आणि चार पावलांवर वळून पाहिलं. एवढ्या थंडीत काकूंच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. शाल खाली पडली होती आणि ती उचलायची म्हणून त्या हात पुढे करत होत्या, पण हात शालीपर्यंत पोचतच नव्हता, नुसता थरथरत होता.

माझ्या आत्याला मी असं पाहिलेलं. मी पिशवी टेकवली आणि विचारलं, "काकू, तुम्हाला साखरेचा त्रास आहे का?"

त्यांनी मान हलवली.

"सकाळी गोळी घेतलीत?"

"गोळीची वेळ चुकवायची नसते," त्या म्हणाल्या.

"आणि खाल्लं काय?"

"टेकडीच्या दिवशी खात नाहीत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोळी घेतलेली बाई, पोटात अन्नाचा कण नाही, आणि हिला चढावर आणून बसवून हे गेले शिखरावर! मी थर्मास उघडला, कपात चहा ओतला, त्यांच्या ओठांना लावला. एक घोट, दुसरा घोट. निम्मा चहा माझ्या आईच्या नारायणपेठेवर सांडला. आईच्या त्या पाकाला मी त्या दिवशी मनातल्या मनात नमस्कार केला. दुसरा कप त्यांनी स्वतः हातात धरून घेतला. मग मी डबा उघडला आणि ताटली भरून पोहे पुढे ठेवले. खोबरं-कोथिंबीर विसरले, ते नंतर वरून घातलं.

त्या खात राहिल्या. कुणी हिसकावून नेईल अशा घाईने आधी, मग सावकाश. घाम ओसरला. गालांवर रंग आला. वाटाणे बाजूला काढायला लागल्या तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

"पोह्यांत वाटाणे घालतेस?"

"आई घालते."

"मी नाही घालत. पण चांगले झालेत," त्या म्हणाल्या. "अजून वाढ थोडे."

मी वाढले, आणि स्वतःलाही घेतले. पहाटे चारपासून माझ्याही पोटात काही नव्हतं. आम्ही दोघी त्या बाकड्यावर मांडीवर ताटल्या घेऊन जेवायला बसल्यासारख्या बसलो. खाली द्राक्षांचे मळे दिसत होते, त्यांच्यावर धुकं होतं. मी त्यांना विचारलं की असं आधीही झालं होतं का. त्या म्हणाल्या, एकदोनदा. मग देवळातल्या प्रसादाचे फुटाणे-बत्तासे मिळाले, त्यावर भागलं.

"घरी सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की टेकडी बंद." त्यांनी ताटलीतला शेवटचा पोहा बोटाने टिपला. "मला कुठे वर जायचंय? इतक्या वर्षांत मी वर काय आहे ते पाहिलेलं नाही. हे म्हणतात, वारा असतो. असू दे. पण इथे बसलं की तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही. घरात एवढासुद्धा वेळ मिळत नाही गं. तू त्यांना बोलू नकोस हं यातलं."

एखाद्या दिवशी ही बाई या बाकड्यावरच संपेल, आणि तिला भीती कसली, तर बाकडं जाण्याची.

त्या एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "तू आमच्याकडे आलीस ना, की आपण दोघी इथेच बसत जाऊ. त्यांना जाऊ दे वर. आपण डबा आणायचा. वाटाणे घातलेस तरी चालेल." असं म्हणून लहान मुलीसारख्या हसल्या. माझ्या मनात आलं, शिरीषचं काय ते असो, या बाईसाठी तरी या घरात जायला हरकत नाही. खरंच आलं.

एवढ्यात वरून काठीचा आवाज आला. सगळी वरात खाली उतरत होती. पुढे भाऊसाहेब, चेहरा लाल. मागे शिरीष, मग बाबा, मग आई. आईने माझ्या मांडीवरची ताटली पाहिली आणि तिथेच थिजली. मुलाआधी मुलगी पोहे खाऊन बसलेली. तिच्या दृष्टीने याहून वाईट काही घडू शकत नव्हतं.

"आम्ही वर किती वेळ थांबायचं?" भाऊसाहेब बाबांना म्हणाले, मला नव्हे. "अर्ध्यातच बसली मुलगी. मी म्हटलं होतं ना, चढावर कळतं."

बाबा म्हणाले, "चुकलंच तिचं." बाबा, ज्यांना काही माहीतच नव्हतं.

काकूंनी माझा हात दाबला. गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. चढावर टिकत नाही म्हणून नकार आला असता, मीही सुटले असते आणि काकूंचं बाकडंही राहिलं असतं. पण माझा स्वभाव! बाबांचं ते "चुकलंच" ऐकलं आणि माझ्या तोंडाचा बांध फुटला. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. गोळी, उपाशी पोट, घाम, थरथर, सगळं. म्हटलं, काका, तुम्ही नाकाने श्वास घेत वर गेलात तेव्हा काकूंची शुद्ध जायला आली होती. फिरायला आलेले चार जण थांबून ऐकायला लागले. मी त्यांच्यादेखतच बोलले.

भाऊसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिचं हे नेहमीचंच आहे."

मी शिरीषकडे पाहिलं. मला अजून त्याच्याकडून आशा होती. हा मघाशी पिशवी घ्यायला पुढे आलेला माणूस. तो आईच्या शेजारी बसला, तिची शाल तिच्या खांद्यावर घातली. मग वैतागून म्हणाला, "काय हे आई, तू पण ना. काहीतरी खाऊन यायचं."

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू, मघाचं डबा आणायचं, वाटाण्यांचं, ते सगळं हळूहळू गेलं. त्या उठल्या. ताटल्या गोळा करायला लागल्या. शिरीषने डब्यात डोकावून विचारलं की उरलेत का. उरले होते. सगळ्यांनी उभ्याउभ्या खाल्ले. आई दर घासाला माझ्याकडे डोळे वटारून बघत होती. या गडबडीत आमचा पोह्यांचा डबा त्यांच्या पिशवीत गेला, तेही घरी आल्यावर कळलं, आणि आईने त्याबद्दलही मलाच झापलं.

मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय!

मंगळवारी बाबा ऑफिसातून आले ते पेढ्यांचा पुडा घेऊनच. चांदवडकरांचा होकार आला होता. भाऊसाहेबांनी स्वतः फोन केला होता. मुलगी धीराची आहे, प्रसंगावधान आहे, म्हणाले. आमच्या हिच्याकडे बघायला घरात एक माणूस हवंच होतं. बाबांनी हे वाक्य मला कौतुक म्हणून सांगितलं.

मी नाही म्हटलं. आई म्हणाली, काय खोट काढलीस आता? निर्व्यसनी मुलगा, स्वतःचं घर. मी म्हटलं, त्याने आईलाच दटावलं. आई म्हणाली, मग, काळजीनेच बोलला ना? सुनीता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून काहीच बोलत नव्हती, ते तर फारच वाईट. मी बाबांना सांगायला गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैजू, मी शब्द दिलाय गं." हातात पुडा तसाच. दोनदा नाही म्हणून झालेल्या मुलीच्या तिसऱ्या नाहीला घरात किंमत नसते. रात्री मी एक पेढा खाल्ला. तो हो समजला गेला.

त्या आठवड्यात साखरपुड्याची तारीख निघाली. गुरुवारी संध्याकाळी दार वाजलं. कुमुदकाकू, एकट्या. रिक्षाने आल्या होत्या. हातात आमचा डबा.

आईची धावपळ उडाली. या, बसा, चहा टाकते. काकू बसल्या नाहीत. बाबांसमोर उभ्या राहून त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं. त्र्यंबकच्या एका जाणत्याला पत्रिका पुन्हा दाखवली. मुलीचं नक्षत्र सासूला जड आहे. "मला भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "मी यांना सांगितलं, माझ्या जिवावर येणारी सून मला नको. यांना पटत नव्हतं, पण माझ्या प्रकृतीचं परवाच पाहिलंय सगळ्यांनी. शेवटी हो म्हणाले. मुलीत काही दोष नाही. बाहेर कुठे यातलं एक अक्षर बोलणार नाही आम्ही."

आई लालबुंद झाली. हस्त नक्षत्र आहे हो हिचं, ती म्हणाली, हस्त कधीपासून सासूला जड झालं? आधी जुळली होती ती कुणाची पत्रिका होती? काकू मान खाली घालून ऐकत राहिल्या. बाबांनी आईला गप्प केलं. बाबांचा शब्द त्यांना कुणी तरी परत आणून दिला होता. त्यांच्या खांद्यांवरून ते दिसत होतं.

डबा माझ्या हातात देऊन काकू निघाल्या. मी फाटकापर्यंत गेले. खूप काही बोलायचं होतं आणि तोंडातून निघालं ते भलतंच. "तुमचं बाकडं?"

"बंद," त्या म्हणाल्या. "आता घरातच बसायचं म्हणतात." मग कनवटीची रुमालाची गाठ सोडून मला दाखवली. आत खडीसाखर होती. "पण ही आता जवळच ठेवते."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, काकू, मी बोलायला नको होतं.

"बोललीस म्हणून कळलं मला," त्या म्हणाल्या. कुणाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही. रिक्षात बसल्या, पदर आत ओढून घेतला. रिक्षा सुरू झाल्यावर बाहेर डोकावून म्हणाल्या, "मला तर तू हवीच होतीस गं."

मी घरात आले. आई अजून धुमसतच होती. तिने माझ्या हातातून डबा घेऊन उघडला. भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून काकूंनी तो काठोकाठ साखरेने भरला होता.

"बघा," आई बाबांना म्हणाली. "नकार द्यायचा आणि वर साखर पाठवायची. काय माणसं असतात एकेक. वैजू, तो डबा आधी मोलकरणीला देऊन टाक, मला घरात नको ती साखर."

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले. गॅसवर आधण ठेवलं आणि त्यातली चार चमचे साखर घालून चहा केला. पाकच झाला होता. ओट्याला टेकून मी तो सगळा प्यायले.